जसा हाय तसा

शालन मगदूमने आठ महिन्यांनी पहिल्यांदा तोंडातून शब्द काढला, तेव्हा तपासणीच्या खोलीतल्या सगळ्यांची कामं जागच्या जागी थांबली.

"बोला शालनताई," डॉ. हेमलता बेडकिहाळ म्हणाल्या होत्या. "मनात येईल ते बोला. सावकाश. फक्त कुजबुजू नका, त्याने ताण पडतो."

शालनने गळ्यावरच्या पुसट व्रणाला बोट लावलं आणि विचारलं, "काय बोलू?"

दोनच शब्द. पण काय आवाज होता तो! भरलेला, गोल, कुठे कण नाही की कसर नाही. सिस्टर "अगं बाई" म्हणून मटकन खुर्चीत बसल्या. डॉक्टरबाई एरवी हसायचं तरी घड्याळ बघून हसणाऱ्या, पण त्यांनी चक्क टाळ्या वाजवल्या. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या यासीन शिकलगारच्या अंगावर तर मूठभर मांस चढलं. हा आवाज त्याने घडवला होता.

शालनने सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. पन्नाशीची, उंचनिंच बाई. सांगलीच्या हळदीच्या बाजारात बावीस वर्षं सौदे पुकारलेली. शंभर बाप्यांच्या गलक्यात तिचा पुकारा शेवटच्या पोत्यापर्यंत पोचायचा असं तिथले हमाल सांगत.

"ह्यो कुणाचा?" तिने विचारलं.

"कुणाचा म्हणजे? तुमचाच," डॉक्टरबाई हसल्या. "तुमच्याच पेशींपासून बनवलाय. दुसऱ्या कुणाचा कणसुद्धा नाही त्यात."

शालनचं समाधान झालं नाही. तिने भिंतीकडे बघितलं. "यासीनभाऊ, तुमी सांगा. ह्यो माजा न्हाई."

"सवय व्हायला वेळ लागतो, ताई," यासीन म्हणाला आणि समोरच्या पडद्यावरचा आलेख वाचत असल्यासारखं करू लागला. शालनताईंनी आता जास्त काही विचारू नये, एवढंच त्याला वाटत होतं.

मिरजेतल्या त्या इमारतीवर 'ऊतिमुद्रण विभाग' अशी भारदस्त पाटी होती, पण गाव तिला छापखानाच म्हणायचं. "छापखान्यात नंबर लागला का?" असं लोक एकमेकांना लग्नाच्या पंगतीत विचारत. अख्खं मूत्रपिंड किंवा हृदय छापून बसवण्यापर्यंत अजून मजल गेली नव्हती. पण भाजलेल्याला कातडी, अपघातात गेलेला कान, श्वासनलिकेचा तुकडा, बुबुळावरची काच ही आता रोजची कामं झाली होती. स्वरतंतूंचं काम मात्र सगळ्यांत अवघड, आणि ते यासीनकडे होतं.

स्वरतंतू म्हणतात, पण त्या तारा नसतात. गळ्यात समोरासमोर असलेल्या त्या दोन ओलसर घड्या असतात, जेमतेम बोटाच्या पेराएवढ्या. फुप्फुसातून वर येणारी हवा त्यांच्यामधून जाते आणि त्या सेकंदाला दोनेकशे वेळा एकमेकींवर आपटतात. आत स्नायू, त्यावर चिवट पदर, त्यावर लुसलुशीत जेलीसारखा थर आणि वर पातळ आवरण. त्या मधल्या जेलीच्या थरात आवाजाची सगळी गंमत असते. थर थोडा जाड झाला, एखाद्या जागी कडक झाला, की आवाज बदलतो.

कर्करोगामुळे शालनच्या दोन्ही घड्या काढाव्या लागणार होत्या. त्याआधी तिच्या गळ्याच्या निरोगी भागातून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेतला. त्यातल्या पेशी काचपात्रात सात आठवडे वाढवल्या, एका जेलमध्ये कालवून त्यांची शाई केली, आणि यंत्राच्या सुईने ती शाई थरावर थर अशी अंथरली. पण नुसतं छापून भागत नाही. छापलेल्या घडीला कंप पावायची सवय लागावी लागते. म्हणून ती एका काचेच्या पेटीत बसवायची आणि दिवसातून अनेकदा तिच्यामधून कोमट, दमट हवा सोडायची. दहा-बारा दिवसांनी पेटीतून बारीक भुणभुण ऐकू येते. तोंड नाही, जीभ नाही, पण आवाज जन्माला आलेला असतो.

ती भुणभुण ऐकायला यासीनसारखा कान दुसरा नव्हता. त्याचं घराणं सतारी बनवणारं. त्यातही शिकलगारांचं दुकान जवारीसाठी नावाजलेलं. सतारीच्या तारा ज्या हाडाच्या घोडीवरून जातात, तिचा माथा कानशीने असा घासायचा की तार तिला टेकते न टेकते. ही जवारी. खुली ठेवली तर सूर झणझणतो, बंद ठेवली तर मऊ, आवरलेला येतो. यासीन आठव्या वर्षापासून अब्बांच्या शेजारी बसून हे शिकला होता. पुढे तो जीवशास्त्राकडे वळला, पण कान दुकानातलाच राहिला. दुकानात एक शिस्त होती, खरखरणारं वाद्य दाराबाहेर जाऊ द्यायचं नाही. ती यासीनच्या हाडीमासी खिळली होती.

आणि शालनचा आवाज म्हणजे नुसती खरखर. शस्त्रक्रियेच्या बऱ्याच आधी, ओळीने तीन दिवस त्याने तो ध्वनिमुद्रित केला तेव्हा त्याला राहून राहून खाकरायला होत होतं. हळदीची धूळ, मिश्री आणि बावीस वर्षांची ओरड यांनी तिच्या घड्यांच्या मधोमध घट्टे आले होते, हमालाच्या खांद्यावर येतात तसे. ते निरुपद्रवी होते. कर्करोग त्यांच्या खालच्या बाजूला होता. पण आवाज फाटायचा तो त्या घट्ट्यांमुळे.

"जसा हाय तसा द्या बगा," तिसऱ्या दिवशी ती म्हणाली होती. "मला गोडवा नगं. आमचं वडील, आण्णा, तोलार हुते बाजारात, पोती तोलायचे. काचबिंदूनं धा वर्सं झाली डोळं गेलं. आता डोस्कंबी ऱ्हाईना झालंय. घर कळत न्हाई, वार कळत न्हाई. माजा आवाज तेवडा कळतोय. मी दारातनं 'आण्णा' म्हटलं की गप हुत्यात. त्यांची शालन म्हंजे ह्यो आवाजच."

यासीनने छातीवर हात ठेवला होता. "दिला शब्द, ताई. जसा आहे तसा."

आणि शब्दाप्रमाणे पहिला जोड त्याने तसाच छापला होता, घट्ट्यांसकट. बाराव्या दिवशी पेटीतून भुणभुण सुरू झाली आणि तिच्यात ती खरखर जशीच्या तशी आली. यासीन दोन दिवस ऐकत राहिला. ते त्याला सोसेना. आपल्या हातून हे बाहेर जाणार? पेशी शिल्लक होत्या, शस्त्रक्रियेला अजून महिना होता. त्याने आराखड्यातून घट्टे पुसून टाकले, जेलीचा थर केसभर वाढवला आणि दुसरा जोड छापला. तो असा काही बोलू लागला की शेजारच्या विभागातली मंडळी ऐकायला आली. पहिला जोड यासीनने स्वतःच्या हाताने वैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकला.

शस्त्रक्रियेच्या अर्जात दोन चौकटी होत्या, 'मूळ आवाज' आणि 'सुधारित आवाज'. शालनने सगळ्या कागदांवर आधीच सह्या केलेल्या होत्या. "तुमी भरा वो, मला काय कळतंय," म्हणाली होती. यासीनने 'सुधारित'वर खूण केली आणि खाली लिहिलं, 'रुग्णाशी चर्चा करून'. लिहिताना त्याचा हात जराही अडखळला नाही. बाई खूश होईल, मग सांगू, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. आता हीच गोष्ट त्याला सगळ्यांत जास्त खात होती.

पेशंट बोलू लागल्यावर आठवड्याने त्याच्या नेहमीच्या जागी आवाज तपासायचा, असा नियम होता. यासीन सांगलीला बाजारसमितीच्या मागच्या हमाल गल्लीत गेला. दोन खोल्यांचं घर, दारात तुळशीचा डबा. आतून ओरडा ऐकू येत होता.

"भाईर हो! कोन तू? माजी पोरगी कुटं हाय?"

खाटेवर एक हाडकलेला म्हातारा भिंतीला पाठ लावून बसला होता. दोन्ही हात पुढे धरलेले, कुणी अंगावर येईल म्हणून. फरशीवर दूध-भाकरीचा काला सांडला होता. शालन फडक्याने पुसत होती. यासीनला पाहून ती काही बोलली नाही, नुसती खुणेने त्याला बाहेर घेऊन आली.

ओट्यावर बसल्यावर तिने सगळं सांगितलं. बोलत होती त्याच सुंदर आवाजात, आणि यासीनला तो ऐकवेना.

"आपरेशनला जाताना मी त्यांना सांगून गेलते. आण्णा, आता मी बोलणार न्हाई, पन आवाज घिऊन येतो. त्येवडं त्यांनी धरून ठेवलं. सगळं इसरलं, पन त्येवडं ध्यानात ऱ्हायलं. घड्या रुजंस्तवर आठ म्हयनं मुकी हुते तवा मी हातावर हात ठेवला की जेवायचे. म्हणायचे, शालन मुकी झालीया, येतोय तिचा आवाज. आन आता आवाज आला..."

"मग बोलू नका थोडे दिवस. पहिल्यासारखा हातावर हात..."

"केलं की. आता हातबी चालंना. हात लावला की म्हणत्यात, ती गोडबोली आली. पोरीला कुटं डांबलंया, म्हणत्यात. शेजारच्या नानांच्या हातचा च्या आन बिस्कूट, कदी वाटीभर दूध. बाकी काय न्हाई."

जुन्या आवाजाचं यंत्रही तिने लावून पाहिलं होतं. ती बोलेल ते जुन्या आवाजात बोलणारी डबी, ब्लाउजला लावायची. पण आंधळ्याचे कान. त्यांना तोंडातून एक आवाज आला आणि छातीतून दुसरा. म्हातारा लहान पोरासारखा किंचाळला होता, शालनला डब्यात घातली म्हणून.

"माजं काय चुकलं, यासीनभाऊ?" तिने विचारलं. "मी काय सांगायला कमी पडले व्हय?"

यासीनच्या जिभेवर आलं होतं. पण त्याने नुसती मान हलवली, आवाज तपासायचं यंत्र पिशवीतून बाहेरही काढलं नाही, आणि तो मिरजेला परत आला. येताना बसमध्ये त्याला स्वतःची इतकी लाज वाटत होती की त्याने शेजाऱ्याने पुढे केलेले फुटाणेही घेतले नाहीत.

"पुन्हा छापता येईल," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्याने त्यांना अर्धंच सांगितलं होतं, वडील ओळखत नाहीत एवढंच. "पण नव्याने पेशी वाढवा, छापा, पेटीत तयार करा. वर आत्ताचा वण पूर्ण मुरल्याशिवाय मी पुन्हा सुरी लावणार नाही. शस्त्रक्रियेलाच पाच महिने धरा. आणि कारण काय लिहायचं? आवाज उत्तम आहे म्हणून बदलतोय?"

"आणि वडील?"

"त्यांचं वजन बघता..." डॉक्टरबाईंनी खिडकीबाहेर बघितलं. "दोन महिने, कदाचित. नळीने अन्न द्यायचा प्रयत्न केला तर असे पेशंट ती उपसून टाकतात."

त्या दुपारी यासीन घरी न जाता दुकानात गेला. अब्बा एक्क्याऐंशी वर्षांचे, पण अजून खिडकीपाशी मांडी घालून बसायचे. गुडघ्यावर फडकं, फडक्यावर हाडाची घोडी, हातात कानस. यासीन समोर बसला आणि त्याने सगळं सांगितलं. अब्बांची कानस चालू होती. पिवळ्या पिशवीचं ऐकल्यावर ती थांबली.

"गिऱ्हाईक खुली जवारी मागून गेलं, आणि तू बंद करून दिलीस?"

"अब्बा, तुम्हीच शिकवलंत ना, खरखरतं वाद्य दाराबाहेर..."

"आपण बनवलेलं," अब्बा म्हणाले. "आपण बनवलेलं वाद्य. गिऱ्हाइकाचं त्याला विचारून. हे शिकवताना तू कुठं होतास?"

आपण कुठे होतो ते यासीनला आठवेना.

"चांगलं वाटत होतं म्हणतोस. कुणाला वाटत होतं?"

"मला."

"तिला सांगितलंस?"

"नाही."

"मग इथं काय करतोस?"

यासीन उठला. दारात त्याने वळून विचारलं, "अब्बा, गेलेली खरखर परत घालता येते?"

अब्बांनी घोडी प्रकाशात धरली. "कानशीनं घातलीस तर ऐकणाऱ्याला कळतं. तार रोज वाजून वाजून घोडीवर चरे पाडते ना, तेव्हा येते ती खरी. त्याला दिवस जातात." मग जरा थांबून म्हणाले, "पण बाईचा गळा म्हणजे घोडी नव्हे, यासीन. बिघडला तर मी दुसरा देऊ शकत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी शालन त्याला बाजारात भेटली. वर्षभर ओरडायचं नाही अशी डॉक्टरांची ताकीद होती, म्हणून अडत्याने तिला माल बघायला बसवलं होतं. पुकारा दुसराच कुणी भोंग्यावरून करत होता. ती एका ढिगापाशी बसून हळकुंड मोडायची, आतला रंग बघायची आणि बाजूला ठेवायची.

"ताई," यासीन तिच्यासमोर उकिडवा बसला. "हे चुकून झालेलं नाही. मी केलंय."

त्याने काही लपवलं नाही. पहिला जोड, त्यातली खरखर, दुसरा जोड, चौकटीतली खूण, 'चर्चा करून'. सांगताना त्याला वाटत होतं, हिने आता कानाखाली वाजवावी. निदान चार माणसांत शिव्या तरी घालाव्यात.

"माजा आवाज तयार हुता," शालन म्हणाली.

"हो."

"आन तो टाकला."

"हो, ताई."

"का वो?"

"मला वाटलं, तुम्हाला आवडेल."

शालनने हातातलं हळकुंड मोडलं, पण आतला रंग काही बघितला नाही. "आवडला की," ती म्हणाली. "त्येच तर वंगाळ झालंय. जल्मात कदी मला गाता आलं न्हाई. लहानपनी आई म्हणायची, तू गप बस, पाळण्यातलं उठंल. परवा भांडी घासताना गुणगुणले, आन हातातलं ताट तसंच धरून माजी मीच ऐकत बसले. तिकडं आण्णा उपाशी. आन मी हितं आवाज ऐकतोय. मला माजीच लाज वाटली."

यासीनला वाटलं होतं की आपल्या चुकीला तळ असेल. पण तो अजून लागत नव्हता.

"आता ह्यो घालवायचा कसा, ते सांगा," ती म्हणाली.

"पाच महिन्यांत नवा..."

"पाच म्हयनं आण्णा ऱ्हातील?"

ती उठली, लुगड्याची धूळ झटकली आणि भोंग्यावाल्याच्या दिशेने निघाली. तिच्या मनात काय आहे ते यासीनला लख्ख कळलं. त्याने धावत जाऊन तिला आडवा हात घातला.

"ताई, नका! ही नवी घडी आहे, कच्ची आहे. आतून फाटली, रक्त आलं, वण धरला, की घोगरासुद्धा आवाज राहणार नाही. कायमच्या मुक्या व्हाल."

"पयला कसा घोगरा झाला हुता? ओरडून ओरडूनच न्हवं?"

"बावीस वर्षं लागली त्याला."

"मग जरा जोरात वरडते," शालन म्हणाली, आणि एवढ्या सगळ्यात ती हसली.

यासीनला थांबवता आलं असतं. गळ्याचं काय होईल ते अडत्याला सांगितलं असतं तर त्याने तिला ढिगापाशीही उभं केलं नसतं. पण थांबवायचा हक्क आपण पिवळ्या पिशवीत टाकला, हे त्याला समजत होतं. "रोज मी येईन," तो म्हणाला. "मी हात वर केला की तिथल्या तिथे थांबायचं. एक शब्दही पुढे नाही. एवढं तरी ऐका."

"ऐकते," ती म्हणाली.

त्याच दिवशी त्याने डॉक्टरबाईंपुढे उरलेलं अर्धंही सांगितलं, आणि शालन काय करायला निघालीय तेही. त्यांनी बराच वेळ कागदावरची ती खूण बघितली. मग म्हणाल्या, "मी तुमच्या कानावर डोळे झाकून विश्वास ठेवला, शिकलगार." चौकशी होईपर्यंत छापखान्यात यायचं नाही असं त्यांनी सांगितलं. शालनला बोलावून त्यांनी परोपरीने समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी ती पुकाऱ्याला उभी राहिली. तेव्हा डॉक्टरबाईंनी आठवड्यातून दोनदा दुर्बीण घालून गळा बघायचं कबूल केलं. त्यापलीकडे त्यांच्याही हातात काही नव्हतं.

"बोला ऽ बोला! राजापुरी हळकुंड, बगा रंग, बोला ऽ!"

पहिल्या दिवशी बाजार स्तब्ध झाला. भोंग्याशिवाय तो आवाज पत्र्याच्या छपराखाली असा घुमला की व्यापारी बोली लावायचं विसरले. एक म्हातारा हमाल पोतं टेकवून नुसता उभा राहिला. यासीन खांबाला टेकून ऐकत होता. आपल्या हातचं यापेक्षा चांगलं काम पुन्हा होणार नाही हे त्याला कळत होतं, आणि ते मोडताना बघायला आपण इथे रोज यायचं आहे, हेही.

तो रोज आला. पुकारा चढत गेला की तो डोळे मिटायचा. जिवंत पदर सुजायला लागला की सुराच्या कडेला बारीक जडपणा येतो. तो जाणवला की यासीन हात वर करायचा, आणि शालन वाक्य अर्धं टाकून गप्प व्हायची. मग गरम पाणी, विसावा, पुन्हा अर्धा तास. दुसऱ्या आठवड्यात आवाजावरची झिलई गेली. तिसऱ्यात तिने रुमालात थुंकलं तेव्हा लाल रेघ दिसली. डॉक्टरबाईंनी सात दिवस बंद म्हणून सांगितलं. शालनने चार पाळले. त्या चार दिवसांत यासीनचं जेवणाकडे लक्ष नव्हतं. अब्बा विचारायचे, "काय म्हणते बाई?" आणि पुन्हा कानस उचलायचे.

इकडे आण्णांचा चहासुद्धा अर्ध्यावर आला होता.

पाचव्या आठवड्यात, एका बुधवारी, तिने "बोला" म्हटलं आणि त्यातला 'ला' मधोमध फाटला. पुन्हा म्हणाली, पुन्हा तिथेच फाटला. शालनने पुकारा थांबवून खांबाकडे बघितलं. यासीनने कान देऊन ऐकलं होतं. तीच खरखर, तीच जागा. अगदी तोच नव्हता, पण त्याचा सख्खा भाऊ शोभेल असा होता. यासीनने मान हलवली. रडू आलं म्हणून त्याने तोंड फिरवलं, आणि ते आनंदाचं होतं असं त्याला स्वतःलाही पटवता आलं नाही.

ते तसेच घरी निघाले. यासीन दारातच थांबला. आत जायचं धाडस त्याला झालं नाही.

शालन उंबऱ्यावर उभी राहिली. "आण्णा," तिने हाक मारली.

खाटेवरचं डोकं वळलं. मग ओठ हलले.

"शाले? आलीस व्हय?"

"आले, आण्णा."

"कवाधरनं वाट बगतोय. कुटं गेलतीस गं?"

"घशाचं काम हुतं न्हवं. सांगून गेलते की."

"झालं?"

"झालं."

"मला भूक लागलीया," आण्णा म्हणाले.

तिने दूध-भाकरी कुस्करली. म्हाताऱ्याने एक घास घेतला, दुसरा घेतला, आणि मग तिचं मनगट धरून तो भराभर खाऊ लागला. दूध हनुवटीवरून ओघळत होतं, ती पदराने पुसत होती. डॉक्टरबाईंनी कालच सांगितलं होतं, हा आवाज असाच वापरला तर वर्ष-दोन वर्षांत बसेल, आणि तिथे पुन्हा छापून लावणं आता सोपं राहिलेलं नाही. शालनने ते ऐकून "बरं" म्हटलं होतं.

वाटी संपल्यावर आण्णा म्हणाले, "तू नव्हतीस तवा एक बाई यायची गं."

"कोन?"

"कोन की. लई ग्वाड बोलायची. मला जेवाय घालायची. मला वाटलं, हिनंच तुला कुटं डांबलंया. मी तिला हाकललं. लई शिव्या घातल्या." म्हाताऱ्याने हात पुढे करून हवेत काहीतरी चाचपलं. "रडायची गं ती. गपचिप रडायची, पन मला ऐकू यायचं. कुनाची कोन, बिचारी. परत आली तर तिला बस म्हन. म्हणावं, म्हाताऱ्याचं चुकलं."

शालनचा हात वाटीवर तसाच राहिला. "न्हाई यायची ती आता, आण्णा."

"का गं?"

उंबऱ्याशी यासीनने पाय बदलला, तेवढ्या आवाजाने म्हाताऱ्याचे कान टवकारले.

"दारात कोन हाय?"

"मी यासीन. मिरजेचा." त्याला तिथूनच परत फिरावंसं वाटलं, पण त्याने सांगून टाकलं. "आण्णा, त्या बाईला मीच पाठवलं होतं. तिची काही चूक नव्हती. सगळी माझी."

"मग तिला सांगशील? म्हाताऱ्याचं चुकलं म्हनून?"

"सांगतो."

"सबूद दे."

यासीनचा हात सवयीने छातीकडे गेला आणि वाटेतच थांबला. म्हाताऱ्याला दिसणार नव्हतं, शालनला दिसत होतं. ती त्याच्याकडे बघत होती. तिच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

"दिला," तो म्हणाला. शब्द कसाबसा बाहेर आला, घशात अडकून, खरखरत.

"ह्येचा घसा बसलाय गं, शाले," आण्णा म्हणाले. "च्या टाक ह्येला."

शालन आत गेली. स्टोव्हवर आधण ठेवून ती तिथेच उभी राहिली. पाण्याला उकळी येईपर्यंत तिने सवयीने काहीतरी गुणगुणायला घेतलं. दुसऱ्याच सुराला आवाज फाटला आणि ती थांबली. मग तिने कप आणून यासीनच्या हातात दिला. त्याने तो तोंडाला लावला.